गव्हावरची जवारी

आमच्या गावच्या चक्कीवर एकाचं दळण संपलं तरी दगडाच्या पोटात आणि खालच्या कापडी नळीत मूठ-दोन मुठी पीठ अडकून राहतं. ते मागच्या माणसाच्या डब्यात पडतं. म्हणून रीत अशी, की गव्हावर गहू दळायचा आणि जवारीवर जवारी. गव्हात जवारीचं पीठ आलं तर पोळी काळी पडते आणि बाया चक्कीवालीचा उद्धार करतात. पण जवारीत गहू आला म्हणून कोणी भांडल्याचं मी सत्तर वर्षांत पाहिलं नाही. फुकट आलेल्या पाहुण्याला कोण हाकलतं?

मी तर त्या पाहुण्याची वाटच पाहायचो. डबा घेऊन बाकड्यावर बसून राहायचो. जवारीवाला आला की म्हणायचो, तू घे बावा आधी, मले घाई नाही. गव्हाचा डबा आला की त्याच्यामागं माझा लागलाच. त्यातही एका वेळी दोन किलोच्या वर कधी दळलं नाही. दहा किलोत दोन मुठी म्हणजे नदीत थुंकल्यासारखं, दोन किलोत दोन मुठी म्हणजे हिस्सेदारी. हे गणित मला कोणी शिकवलं नाही. मी चौथीतून उठलो तो सरळ वखरामागं गेलो. पण शिकलेल्यांच्या घरची भाकर तव्यावरून ताटात येईस्तोवर फाटते, आणि माझ्या घरची चार घड्या घातल्या तरी फाटत नव्हती. माझी बायको भाकरीसाठी चार गावांत नावाजलेली होती. तिच्या हाताच्या नावामागं माझं हे डोकं होतं, हे मी तिला ती जाईपर्यंत सांगितलं नाही. नवऱ्यानं बायकोसाठी एवढं तरी करावं.

आता नातीचं सांगतो, कारण माझं हे डोकं तिच्या पोटावर आलं.

नात नऊ वर्षांची. मुलगा वणीकडं कोळसा खदानीत ड्यूटीवर असतो, सुट्टीला येतो. घरात सून, नात आणि मी. नातीला ऑटिझम आहे. हा शब्द मी म्हातारपणी शिकलो, पण चौथीपर्यंत मास्तरांनी शिकवलेल्या सगळ्या शब्दांपेक्षा जास्त वापरावा लागला. ती बोलते मोजकं. वस्तू जिथं असायला पाहिजे तिथंच असली पाहिजे. माझ्या चपलांचं तोंड उंबऱ्याकडं नसलं तर ती जेवणावरून उठते, चपला फिरवते, मग परत बसते. आणि नाक असं, की पोलीस खात्यानं न्यावं. जे काही हातात येईल ते आधी हुंगायचं. माणसंसुद्धा. मी बाहेरून आलो की ओसरीवर उभा राहतो, ती येऊन माझी मिशी हुंगते, मगच मला घरात प्रवेश.

तिचं खाणं म्हणजे गव्हाची पोळी. चार पदरांची घडी, टोक तिच्याकडं, वर एकही काळा डाग नको. सोबत बिनफोडणीचं वरण, वेगळ्या वाटीत, पोळीला न शिवता. मधल्या वेळी एक गोल बिस्कीट, कड फुटलेली चालणार नाही. भात बोटाला चिकटतो म्हणून नको. फारच झालं तर केळ आणि उकडलेला बटाटा. पोळीला ती 'घडी' म्हणते. भूक लागली तरी घडी, आणखी पाहिजे असली तरी घडी.

तर या पोरीचं पोट फुगायला लागलं. हातपाय काड्या, पोट मडक्यासारखं. यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रक्त काढलं, ते तपासायला नागपूरला गेलं, आणि रिपोर्ट आला तेव्हा बाई म्हणाल्या की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू, मैदा, रवा, सगळं बंद, आणि जन्मभर बंद. मी विचारलं, यानं ही बोलायला लागंल काय? बाईंनी मला सरळ सांगितलं, की ते वेगळं आणि हे वेगळं, हा आजार पोटाचा आहे. पण गहू कणभरही जायला नको, नाहीतर आतडं सुधारणार नाही आणि पोर वाढणार नाही. सून वहीत लिहून घेत होती. मी मान हलवत होतो. मान हलवायला वही लागत नाही.

बसमध्ये सुनेचं तोंड एवढंसं झालं होतं. जी पोर जगात एकच गोष्ट खाते, तीच बंद. मला राहवलं नाही.

"कायले घाबरून राह्यली, सूनबाई? आम्ही काय गव्हावर मोठे झालो? आमच्या वक्ती गहू सणालेच दिसे. पोरीले भाकर खाऊ घालणं माह्याकडे लागलं."

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण बसमधले दोघे-तिघे ऐकत होते, म्हणून पुढं म्हणालो की ती गहू सोडणार तर मीही सोडला. तोंडातून गेलं आणि इज्जतीचं होऊन बसलं.

घरातला गहू मीच बाहेर काढला. पोरीचा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, डबा वेगळा. डब्यावर कोळशानं फुली मारली. इतका बंदोबस्त की सून म्हणाली, मामाजी, तुम्ही पोलिसात पाहिजे होते. मी म्हणालो, नाक घरात एकाचं पुरे.

मग पोरीशी झुंज सुरू झाली. सुनेनं जवारीचं धिरडं घातलं, ते छान घडी पडत होतं. पण धिरड्याला भोकं असतात. पोरीनं एकेका भोकावर बोट ठेवलं, सगळी भोकं मोजली आणि ताट सरकवलं. यवतमाळहून जवारीच्या पिठाचं बंद पाकीट आणलं होतं, त्याची भाकर केली. पहिल्या घडीलाच मधून फाटली. पोरीनं ती भाकर दोन्ही हातांवर घेतली, अंगणात नेली आणि मेलेलं पाखरू ठेवावं तशी तुळशीजवळ ठेवून आली.

मग मी डोकं चालवलं. तिच्या बिस्किटाचा रिकामा कागद जपून ठेवला होता. राजगिऱ्याच्या पिठाची बिस्किटं सुनेकडून भाजून घेतली, डबीच्या झाकणानं नेमकी त्याच मापाची गोल कापली, कागदात भरली आणि शितानं चिकटवून टाकली. दुकानदारालाही ओळखू आलं नसतं. पोरीनं पुडा घेतला, न उघडताच हुंगला. मग माझं बोट धरलं, मला कचऱ्याच्या टोपलीपर्यंत नेलं आणि पुडा माझ्याच हातानं टाकायला लावला. सून पदर तोंडाला लावून हसली. रिपोर्ट आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मी तो अपमान गिळला.

दुसरा अपमान माझ्याच करणीचा. मुलाला भेटायला वणीला गेलतो. परतताना स्टँडवर कचोरीचा घाणा चालू होता. आता शपथ मी बसमध्ये घेतली होती, स्टँडवर घेतली नव्हती, असा विचार करून दोन खाल्ल्या. चूळ भरली. वरून पान लावलं. घरी आलो, ओसरीवर उभा राहिलो. पोरीनं मिशी हुंगली. परत हुंगली. आत गेली, ओलं फडकं आणलं आणि माझी मिशी अशी खरडून पुसली की डोळ्यांत पाणी आलं.

सून चुलीपाशी होती, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "कचोरी होती का समोसा, मामाजी?"

"पान खाल्लं."

"हो का. मंग सदऱ्यावर शेव कायची सांडली?"

अशा रीतीनं माझी पत गेली. ती परत कमवायला मी माझी जवारी काढली. आमच्याकडं आता सगळे कापूस आणि सोयाबीन लावतात. जवारी लावली की अर्धी रानडुकरं खातात, अर्धी पाखरं. मी जिद्दीनं आठ तास, म्हणजे आठ ओळी, लावतो, आणि डुकरांचं होऊन जे राहतं ते माझं. सुनेला म्हणालो, पाकिटातलं पीठ म्हणजे मेलेलं पीठ, त्याची काय घडी पडणार. माझी जवारी दळून आणतो, मग पाह्य. आणि मनात होतं ते बोलूनही गेलो, की शिवाय तुह्या हाताले सासूसारखं वळण नाही.

डबा घेऊन चक्कीवर गेलो. बाकड्यावर बसलो. गव्हाचा डबा आला, झाला, मग माझा लावला. मुद्दाम केलं असं म्हणाल तर तसं नाही. बैल संध्याकाळी घराच्या वाटेला आपोआप वळतो तसा मी गव्हामागं उभा राहतो.

सुनेनं उकळत्या पाण्यात पीठ मळलं आणि पातळ भाकर थापली. घडी घातली. फाटली नाही. दुसरी घातली. फाटली नाही. टोक पोरीकडं करून ताट ठेवलं. पोर खूप वेळ हुंगत राहिली. आम्ही दोघं श्वास धरून उभे. मग तिनं घास घेतला. दुसरा घेतला.

"घडी," ती म्हणाली.

मी त्या दिवशी गावाला दोन चकरा मारल्या. काम काही नव्हतं, पण लोकांना विचारायला संधी पाहिजे ना. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, ज्यानं नाही विचारलं त्याला थांबवून सांगितलं. घरात पहिलं ताट मला यायला लागलं. मी सुनेला बजावलं, या डब्याचं दळण दुसऱ्या कोणी न्यायचं नाही, चक्कीवर मीच जाणार.

दोन महिने पोर रोज दोन घड्या खात होती. पण पोट काही उतरेना. चार दिवस बरं, मग पुन्हा फुगलेलं, पुन्हा कळा. पोर पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसायची आणि कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. गहू कुठून तरी जातो आहे हे उघड होतं. सुनेचा संशय माझ्यावर, कारण कचोरीवाला मी. माझा संशय सुनेवर, कारण माझ्यावर तर येऊच शकत नव्हता. मी तिच्या कोठीतले डबे उघडून बिस्किटं शोधली. काही सापडलं नाही, तेव्हा रागात बोललो, की आईचं काळीज आहे, लपून देत असशील. त्या दिवसापासून सून ताट असं आदळून ठेवायची की वरणाचे शिंतोडे माझ्या टोपीवर.

डॉक्टरीणबाईंकडं जायच्या आदल्या दिवशी दळण संपलं म्हणून चक्कीवर गेलो. चक्की रिकामी. मी सवयीनं बाकड्यावर बसलो. चक्कीवाली विधवा बाई, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि जिभेनं वीस वर्षांनी मोठी. पट्टा सरळ करत म्हणाली,

"आबाजी, गव्हाचं गिऱ्हाईक अजून आलं नाही. थांबता ना? तशीच दळली तं तुमची भाकर मोडन."

"तुले काय मालूम?"

"लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली. गव्हाशिवाय तुमचा डबा दगडाले लागला का कधी?"

ती हसत होती. मीही हसायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. कणभर, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आणि मी दोन किलोत दोन मुठी. फुली मारलेल्या डब्यात, वेगळ्या तव्यावर, वेगळ्या पोळपाटावर मी रोज पोरीला गहू चारत होतो. पोर पहिल्या दिवशी एवढा वेळ का हुंगत होती तेही आता कळलं. तिला ओळखीचा वास आला होता, म्हणून तर तिनं खाल्लं.

जवारी न दळताच घरी आणली. वाटेत बरेच विचार केले. म्हणता येईल की जवारीला कीड लागली. म्हणता येईल की चक्की बंद पडली. पाकिटाचं पीठ आणू, गुपचूप सुरू करू, पोरीचं पोट उतरलं की कोण विचारतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बहाणे सुचायला वेळ लागत नाही. शेवटी ठरवलं की सांगायचं, पण यवतमाळहून परत आल्यावर, माझ्या सोयीनं, माझ्या शब्दांत.

सोय काही झाली नाही. बाईंनी नवा रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि सुनेकडं पाहिलं. म्हणाल्या, गहू जातो आहे. आईनंच पथ्य मोडलं तर आम्ही काय करणार? असंच राहिलं तर नागपूरला नेऊन घशातून नळी घालून पाहावं लागेल. ज्या पोरीला कपाळाला टिकली लावलेली सोसत नाही तिच्या घशात नळी. सून वहीच्या पानाचा कोपरा दुमडत राहिली. मी तिला काय काय बोललो होतो ते तिनं तिथं काढलं नाही, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पोर टेबलावरचे पेन एका रेघेत लावत होती.

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, तिले बोलू नका. गहू मी चारला."

मग सगळं सांगितलं. दगड, कापडी नळी, बाकडं, दोन किलोचा हिशोब. बाई ऐकत राहिल्या. शेवटी विचारलं, साधारण किती पीठ येत असेल आजोबा? मी मूठ वळून दाखवली आणि म्हणालो, माही मूठ जरा मोठी आहे. बाईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, चक्कीचं पीठ बंद, ज्या दगडाला गहू लागला त्या दगडाचं काहीच नको, आणि तीन महिने पाहू. नळी राहू द्या सध्या.

सून मात्र हसली नाही. बसमध्ये खिडकीपाशी बसली. पोर मधे, मी इकडं. बराच रस्ता गेल्यावर तिनं बाहेर पाहतच विचारलं,

"म्हणजे सासूबाईची भाकर फाटत नव्हती ते..."

"हो."

"आन् मले म्हणत होते हाताले वळण नाही."

"हो."

"आन् आईचं काळीज आहे म्हणे, लपून देते."

याला मी हो म्हणालो नाही, मान खाली घातली. आमच्या मारेगावच्या थांब्यावर उतरताना तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "उद्यापासून दळण तुम्हीच दळान मामाजी. घरी. जात्यावर."

जातं माझ्या बायकोचं. तुरीची डाळ भरडायचं, गहू त्यानं कधी पाहिला नव्हता. गोठ्यातून काढलं, घासून धुतलं, दोन दिवस उन्हात ठेवलं. आमच्याकडं पुरुष जात्यावर बसत नाही. मी ओसरीवर, भर रस्त्याकडं तोंड करून बसलो. लपून बसलो असतो तर लोकांनी लपून पाहिलं असतं. चक्कीवाली तर खास पाहायला आली.

"आबाजी, ओव्या येतात का?"

"येतात. पण साऱ्या चक्कीवालीच्या नावाच्या आहेत, म्हणू का?"

पोरीला जातं आवडलं. फिरणारी वस्तू तिला आवडतेच. समोर मांडी घालून बसायची आणि जात्याच्या तोंडात दाणे टाकायची. पण मूठ नाही. एक दाणा. तो गेला की दुसरा दाणा. मी मूठ टाकायला गेलो की माझा हात धरायची. एका भाकरीच्या पिठाला दुपार जायची, आणि माझ्या खांद्याचा भुगा व्हायचा.

एवढं करून भाकर फाटायची ती फाटायचीच. गहू नाही तर घडी नाही. पोर फाटलेली भाकर तुळशीजवळ नेऊन ठेवायची. केळ आणि बटाटा, बटाटा आणि केळ. पोट उतरत होतं खरं, पण पोरही उतरत होती. एके दिवशी सुनेचा धीर सुटला. म्हणाली, द्या तिले एक पोळी, उपाशी मारता का? मी म्हणालो, थोडे दिवस थांब. हे मी कशाच्या जोरावर म्हणालो ते मलाही माहीत नव्हतं.

पोरीला समजावून उपयोग नाही, फसवून तर मुळीच नाही. म्हणून मी तिच्याशी काही करणंच सोडलं. तिच्या शेजारी माझं ताट घेतलं. माझी भाकर उचलली, ती फाटायच्या आधी मीच फाडली. सरळ चार तुकडे. एकावर एक रचले, टोक माझ्याकडं. वरण वेगळ्या वाटीत. आणि तिच्याकडं न पाहता जेवलो. दुसऱ्या दिवशी तेच. भाजी नाही, ठेचा नाही, कांदा नाही, कारण वास आला की ती उठून गेली असती. अकरा दिवस मी बिनफोडणीच्या वरणाशी भाकर खाल्ली. वणीची कचोरी रोज आठवायची.

बाराव्या दिवशी गायीकडं पाहत जेवत होतो. परत ताटाकडं पाहिलं तर चारातले तीन तुकडे होते. मी पुन्हा गायीकडं पाहायला लागलो. गाय एवढी पाहण्यासारखी नाही, पण त्या दिवशी मी तिला शेपटीपासून शिंगापर्यंत पाहून घेतलं. शेजारी हुंगण्याचा आवाज आला. मग चावण्याचा.

तेराव्या दिवशी तुकडे रचले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो. रांजणापाशी दोन पेले प्यालो, तहान नसताना. आलो तर दोन तुकडे गायब. सून दाराआड उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती, बोलू नका म्हणून. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"सूनबाई, या घरात चोऱ्या व्हायले लागल्या," मी मोठ्यानं म्हणालो.

"घडी," पोर म्हणाली. तोंड भरलेलं होतं.

तिच्या स्वतःच्या ताटात भाकर वाढली तर ती आजही खात नाही. माझ्या ताटातली चोरूनच खाते. म्हणून माझ्या ताटात दोन माणसांची भाकर वाढावी लागते, आणि मला पाणी प्यायला चारदा उठावं लागतं. तीन महिन्यांनी यवतमाळला गेलो तेव्हा पोट मऊ होतं, आणि वजनकाट्याकडं बाईंनी दोनदा पाहिलं. नळी नको म्हणाल्या. सुनेला विचारलं, काय केलं हो तुम्ही? सून म्हणाली, काही नाही बाई, मामाजी खातात आन् ती चोरते. आणि मग माझ्याकडं न पाहता पुढं म्हणाली, की दळणही त्यांचंच आहे. चक्कीचं तिनं पुन्हा काढलं नाही. ते ती घरी काढते, पाहुणे आले की.

परवा वणीला गेलतो. स्टँडवर घाणा चालूच होता. मी कचोरीच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. खोटं कायले सांगू, बस येईपर्यंत उभा राहिलो. फक्त वास घेतला. खाल्ली नाही, हात लावला नाही. ताठ मानेनं घरी आलो, ओसरीवर उभा राहिलो आणि मिशी पुढं केली. पोरीनं हुंगली. थांबली. डावीकडून हुंगली, उजवीकडून हुंगली. मी सुनेकडं पाहून म्हणालो, पाह्य, आज काही सापडत नाही.

पोर आत गेली आणि ओलं फडकं घेऊन आली.